कझाकस्तानचे राष्ट्राध्यक्ष तोकायेव हे मुळात सोव्हिएत मुत्सद्दी होते का?

हो, अगदी मुरलेले. कासिम-जोमार्त तोकायेव 1975 मध्ये मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संबंध संस्थेतून शिकून बाहेर पडले आणि थेट सिंगापूरच्या सोव्हिएत दूतावासात रुजू झाले. पुढे बीजिंगला चिनी भाषा शिकले. 1991 पर्यंत तिथल्याच दूतावासात होते. देश स्वतंत्र झाल्यावर परराष्ट्रमंत्री, पंतप्रधान, सिनेटचे अध्यक्ष, मध्यंतरी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचे प्रमुख. मार्च 2019 मध्ये आधीचे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव पायउतार झाले नि हे राष्ट्राध्यक्ष! दुसऱ्याच दिवशी राजधानी अस्तानाला नझरबायेव यांचं नाव देण्याचा प्रस्ताव मांडला. तेव्हा अनेकांना वाटलं, हे नामधारीच राहणार. पण जानेवारी 2022 च्या दंगलींदरम्यान त्यांनी नझरबायेवना देशाच्या सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षपदावरून हटवलं आणि त्याच वर्षी राजधानीचं नाव पुन्हा अस्ताना झालं.