डायपरचा हिशोब झाला, पगाराचा राहिला

मोशीहून आलेलं पत्र, थोडं आटपून:

"मावशी, मला पाचवा महिना चालू आहे, पहिलंच. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलिंगला आहे, पंचवीसेक जणांचा स्टाफ, पगार १८ हजार, त्यातून ईएसआयचे १३५ रुपये कापतात. नवरा चाकणला कंपनीत, हातात ३६ हजार. भाडं साडेअकरा हजार, बाईकचा हप्ता ३८००, गावी सासूसासऱ्यांना ४ हजार, सेव्हिंग जेमतेम ७० हजार. गुड न्यूज कळल्यापासून नवऱ्याने हिशोबाची वही घातलीये, परवा नारळपाण्यावरून वाद झाला आणि डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी 'लागतेच का' म्हणून विचारत होता. सासूबाईंना डोहाळजेवण हॉल घेऊन दीडशे माणसांचं हवंय, आणि सातव्यात मी नोकरी सोडावी असं त्यांचं म्हणणं. तिकडे साताऱ्याला बाबा एसटीतून रिटायर झालेत, पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणून एफडी मोडायला निघालेत. हॉस्पिटलने नॉर्मलचे ५५ आणि सिझरचे ९० हजार सांगितलेत. मी रात्री मोबाईलवर डायपरचे भाव बघत बसते. कुठे काटकसर करू सांगा."

अगं, डायपरवर येऊच आपण, पण आधी मला सांग, एवढ्या मोठ्या पत्रात नोकरी सोडायचं तू एका ओळीत उरकलंस आणि ते १३५ रुपये तर जाता जाता लिहिलेस, तुझ्या घरातला सगळ्यात मोठा आकडा तिथे दडलाय हे तुला कुणी सांगितलंच नाही का?

ऐक. ईएसआय म्हणजे सरकारची कामगार विमा योजना, ते कापतात म्हणजे तू विमाधारक आहेस. पगार महिना २१ हजारांपर्यंत असला की हे लागू होतं, तुझ्या पगाराच्या पाऊण टक्का तू भरतेस आणि सव्वातीन टक्के तुझा मालक भरतो. त्याच्या बदल्यात पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे रजा आणि त्या काळात रोजच्या सरासरी पगाराइतके पैसे मिळतात, अर्धे नाही, पूर्ण. तुझ्या पगाराला ते लाखभर होतात गं! आणि हे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, ईएसआय थेट तुझ्या खात्यात टाकतं, त्यामुळे लॅबवाले तोंड वाकडं करायला लागले तर त्यांना हे शांतपणे सांगायचं. अट एवढीच की आधीच्या हिशोबाच्या काळात, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे जे सहामाही टप्पे असतात त्यातल्या आधीच्या लागोपाठ दोन टप्प्यांत मिळून, किमान ७० दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन भरलेलं हवं. ते भरलंय की नुसतं कापलंय हे ऑनलाइन बघता येतं, लॅबच्या अकाउंटंटला विचारून तुझा इन्शुरन्स नंबर घे आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ, कारण कापलेलं न भरणारे महाभाग पण असतात.

आणि समजा ईएसआय नसतं तरी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, मागच्या वर्षभरात ८० दिवस काम केलेल्या बाईला २६ आठवडे पगारी रजा कायद्यानेच आहे, मग ती मालकाने द्यायची असते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. म्हणजे सासूबाईंना 'सातव्यात घरी बस' एवढंच हवं असेल तर सातवा संपता संपता तू घरी बसू शकतेस, पगार चालू ठेवून. फक्त राजीनामा द्यायचा नाही. लेखी नाही, तोंडी नाही, व्हॉट्सअॅपवर 'सर मी कंटिन्यू नाही करणार' असं तर अजिबात नाही. पुढे बाळाला कोण बघणार हा प्रश्न खरा आहे, पण तो रजा संपतानाचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर आज राजीनाम्याने कशाला द्यायचं? तोपर्यंत जवळपासच्या पाळणाघरांचे दर विचारून ठेव, सासूबाई येऊन राहणार का ते पण स्पष्ट विचार, गृहीत धरू नकोस.

आता हॉस्पिटल. ईएसआय कार्डावर तुझं बाळंतपण पण बसतं, चिंचवडला मोहननगरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, एकदा नवऱ्याला घेऊन जाऊन बघून ये, रांगा असतात हे आधीच सांगते. आत्तापासून नोंदणी आणि तपासण्या ईएसआयच्या दवाखान्यात चालू ठेव, कारण रजेच्या पैशांसाठी सर्टिफिकेटं तिथूनच लागतात, आणि बाळंतपण साताऱ्यात किंवा बाहेर करायचं ठरलं तर कुठले कागद लागतील ते आधीच विचारून घे. ईएसआयशिवाय सरकारी किंवा महापालिकेचं हॉस्पिटल आहेच. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा नावाचा कार्यक्रम आहे, त्यात सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो की सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, तिथलं जेवण, जायची-यायची गाडी, सगळं फुकट. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायकांची खास तपासणी असते, ती पण फुकट. लोक म्हणतील सरकारी? एवढी वेळ आली का? म्हणू देत, त्यातलं कुणी बिल भरायला येणार नाहीये.

तरी मनात धाकधूक असेल आणि प्रायव्हेटच करायचं असेल तर माझी हरकत नाही, तो तुमचा दोघांचा निर्णय, पण ५५ आणि ९० या आकड्यांवर विसंबू नकोस. पॅकेजात काय येत नाही ते लिहून माग. भूलतज्ज्ञ धरलाय का, बाळाचे डॉक्टर धरलेत का, औषधं धरलीत का, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर दिवसाचे किती. लोक फसतात ते इथेच. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असेल तर एचआरला दोन गोष्टी विचारायला लाव, मॅटर्निटीला लिमिट किती आणि बाळाचं नाव किती दिवसांत चढवायचं. आणि हो, आता कुणी एजंट 'मॅटर्निटी कव्हर देतो' म्हणून आला तर चहा पाजून वाटेला लाव, नव्या पॉलिसीला मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड महिनोन्महिने, कधी काही वर्षांचा असतो, या बाळाला त्याचा उपयोग शून्य. बाळाच्या नावाने चाइल्ड प्लॅन घ्या म्हणणारे पण येतील. बाळ कमवत नाही, कमावतो त्याचा विमा काढायचा, नवऱ्याचा साधा टर्म इन्शुरन्स आधी, बाकी सगळं नंतर.

सोनोग्राफीचं विचारलंस ना, पाचव्या महिन्यात जी करतात त्यात बाळाचे अवयव नीट घडतायत का ते बघतात. ती लागते. पुढे साखरेची तपासणी सांगतील, ती पण लागते. तपासणी कुठे स्वस्तात किंवा फुकट होईल ते शोधणं ही काटकसर, पण तपासणीच गाळणं हा जुगार झाला आणि हे नवऱ्याला तू नाही, डॉक्टरांनी सांगू दे, पुढच्या व्हिजिटला त्याला आत घेऊन जा, बाहेर पार्किंगमध्ये उभा करू नकोस.

तुझ्या ताटातलं पण काही कापायचं नाही. पण ताट महाग असायला हवं असंही नाही, हे नवऱ्याच्या बाजूने बोलतेय. तो प्रेग्नन्सीचा पावडरीचा डबा डॉक्टरांनी स्वतःहून लिहून दिला नसेल तर सोड, त्या पैशात किती अंडी येतात बघ. अंडी, दूध, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, नाचणी, पालेभाजी, यात बरंच काही येतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. नारळपाणी आवडतं म्हणून पी, त्याला औषधाचा दर्जा देऊ नकोस म्हणजे भांडण पण होणार नाही.

भांडणाचं म्हणशील तर मला तुझा नवरा कंजूष नाही वाटत, घाबरलेला वाटतो. ३६ हजारांत तिघं कसे जगणार हे गणित तो रोज रात्री मनातल्या मनात मांडत असणार, कारण तू नोकरी सोडणार असं त्याने धरूनच टाकलंय. ते लाखभर रुपये वहीत लिहिलेस की अर्धी वही आपोआप शांत होईल. रविवारी दोघं बसा, फोन बाजूला ठेवा. तुमचे ५४ हजार येतात, त्यातले भाडं, हप्ता आणि गावचे मिळून १९,३०० गेले, राहतात ३४,७००. त्यातून पगार झाला की पहिल्याच दिवशी १० हजार उचलून वेगळे ठेवा, उरलेल्या पावणेपंचवीसमध्ये घर चालवा, तीन महिन्यांत ३० होतील, आधीचे ७० धरून एक लाख. हा लाख सिझर किंवा पेटीची वेळ आली तर, यातून स्ट्रोलर घ्यायचा नाही, सोनं नाही, हॉल तर नाहीच. आणि महिन्याला दीड-दोन हजार तुझ्या हातात, ज्याचा हिशोब वहीत लिहायचा नाही. हे नीट ठरवून घे हं. कमावत्या बाईने नारळपाण्याला परवानगी मागायची, हे मला अजिबात पटलेलं नाही.

डोहाळजेवण. हौस आहे, होऊ दे की, पण दीडशे माणसं ही बाळाची हौस नाही, भावकीची आहे. घरात किंवा गच्चीवर पंचवीस जणी, लग्नातली हिरवी साडी असेलच, फुलांच्या दागिन्यांचा सेट भाड्याने मिळतो, शेजारची कुणीतरी पोरगी फोटो काढेल. सासूबाईंना 'पैसे नाहीत' म्हणू नकोस, ते त्यांना लागेल, त्यांना काम दे. त्यांच्या जुन्या मऊ सुती साड्या असतील त्यांची दुपटी, लंगोट, झबली, एखादी गोधडी, हे त्यांच्याइतकं चांगलं दुकानात मिळत नाही आणि तान्ह्याला वापरून मऊ झालेलंच घालतात आपल्याकडे. बाळ यायच्या आधी खरेदी करू नये असं जुनी माणसं म्हणतात ना, या बाबतीत त्यांचं बिनधास्त ऐक, खर्च वाचतो. बाळंतविड्यात ढीगभर कपडे येणारच आहेत आणि ते पण सगळे एकाच मापाचे, म्हणून जे विचारतील त्यांना लाजू नकोस, मच्छरदाणी आणा, सहा महिन्यांच्या पुढचे कपडे आणा असं सांग. पाळणा चुलत, मावस, कुणाच्या तरी माळ्यावर असतोच, विचारायचं. वॉकर कुणी फुकट दिला तरी घेऊ नकोस, बाळं त्यातून पडतात, कॅनडात तर २००४ पासून विक्रीवरच बंदी आहे.

बाबांना आजच फोन कर. एफडी मोडू नका म्हण. बाळंतपणाला माहेरी जाणं म्हणजे आईच्या हातचे डिंकाचे, अळिवाचे लाडू, अंगाला तेल आणि दोन महिने कुणीतरी रात्री बाळाला घेईल ही सोय, बिल भरणं त्यात येत नाही. बाळ दोघांचं आहे, हॉस्पिटलचा खर्च तुम्ही दोघं करणार, हे नवऱ्यानेच सासऱ्यांना सांगितलं तर फार बरं, तू सांगितलंस तर ते ऐकणार नाहीत, बाप आहेत.

डायपर एकदाचा. दहा-बारा रुपयाला एक पडतो, तान्हं बाळ दिवसाला आठ-दहा ओले करतं, म्हणजे सगळे डायपरच वापरले तर महिन्याला अडीच ते साडेतीन हजार. दिवसा लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर, की सातआठशेत भागतं. धुणं वाढतं, ते नवऱ्याच्या वाट्याला दे, वहीपेक्षा बरं काम आहे. लसी सरकारी दवाखान्यात टोचून घे, बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, रोटा, न्यूमोनियाची, गोवर-रुबेला, सगळ्या तिथे फुकट आहेत. प्रायव्हेटमध्ये 'पेनलेस' म्हणून जी महागाची देतात त्याने ताप कमी येतो, संरक्षण वाढत नाही. सहा महिने अंगावरचंच दूध जमलं तर पावडरीचे डबे पण वाचतील, पण नाही जमलं तर त्याचं खापर स्वतःवर फोडू नकोस, डॉक्टर सांगतील ते दे.

पाच हजारांची मातृवंदना योजना विचारशील तर, कायद्याने पगारी रजेचे पैसे मिळणाऱ्या बाईला ती नाही, म्हणून तुला बहुधा बसणार नाही. पण तुझ्या चाळीत-सोसायटीत कुणी पहिलटकरीण घरी असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर तिला अंगणवाडीताईंकडे जायला सांग. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते, नाव ठरलेलं नसलं तरी नोंद करून टाका, नाव नंतर घालता येतं. मुलगी झाली तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं २५० रुपयांत उघडतं, बारशाच्या पाकिटांतले पैसे तिथे टाका.

सोमवारी कामावर गेलीस की पहिल्यांदा तो इन्शुरन्स नंबर घे. कॉन्ट्रिब्युशनचे दिवस किती दिसतायत ते मला कळव, कमी दिसले तर पुढे काय करायचं ते बघू.

तुझी,
मावशी