धोंडो: धोंडा की धुंडिराज?

प्रश्न असा आला आहे: पणजोबांचं नाव धोंडो. वडिलांच्या मते ते धुंडिराजचं लघुरूप, म्हणजे गणपतीचं नाव. आजी सांगायची, ‘कसला गणपती, धोंडा तो धोंडाच.’ काकांचं तिसरंच: धोंड्याच्या महिन्यात जन्मले म्हणून धोंडो. पणजोबांच्या पाठचा भाऊ भिकाजी, बहीण दगडाबाई. आता घरात मुलगा झाला आहे, पणजोबांच्या ‘ध’वरून ध्रुव ठेवायचं चाललं आहे. तर खरं कोणाचं?

आजीचं. आणि पुरावा तुमच्या प्रश्नातच आहे.

धोंडो एकटा असता तर वडिलांचं म्हणणं मी सहज उडवून लावलं नसतं. काशीचा ढुंढिराज हा गणपती प्रसिद्ध, आणि त्याच्यावरून धुंडिराज हे नाव महाराष्ट्रात भरपूर चाललं. दादासाहेब फाळके हे धुंडिराज गोविंद फाळके. बोलताना उ आणि ओ एकमेकांच्या जागा घेतात, त्यामुळे एखाद्या धुंडिराजाला घरात धोंडू म्हटलं गेलं असेल तर नवल नाही. शेवटच्या ‘ओ’वरूनही काही ठरत नाही. मोरेश्वराचा मोरो, नारायणाचा नारो, राघवाचा राघो, केशवाचा केसो, तसा धोंडूचा धोंडो. पुढे वडिलांचं नाव जोडायचं असलं की जुन्या कागदांत हे ओकारान्त रूप हमखास येतं: मोरो त्रिंबक, नारो शंकर, धोंडो केशव.

पण धोंडोच्या पाठीवर भिकाजी आणि दगडाबाई आल्या की गणपती बाजूला होतो. ही नावं एकेकटी वाचायची नसतात, भावंडांच्या ओळीत वाचायची असतात. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, कोंडिबा, विदर्भात उकर्डा. हे सगळं एकच बिऱ्हाड. काकांचा अधिक महिनाही इथेच अडतो. तो साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांतून एकदा येतो. त्यात एक धोंडो जन्मेल, पण दगडाबाईचं काय करायचं? दगडाचा महिना कुठल्या पंचांगात नाही.

या बिऱ्हाडाची गोष्ट अशी. आधीची एकदोन मुलं दगावलेली असायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे 200च्या घरात मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे हे दुःख एखाद्या अभागी घराचं नव्हतं, आळीतल्या बहुतेक घरांचं होतं. मग पुढचं मूल जगावं म्हणून ते मोलाचं नाहीच असं दाखवायचं. कोणाला दाखवायचं? दृष्ट लावणाऱ्याला, सटवाईला, यमाला. ज्याची ज्याची नजर पडेल त्याला. सोन्यासारख्या पोराला सोन्या म्हटलं तर कोणीतरी ऐकेल. केर म्हटलं तर केराकडे कोण बघतो?

नुसत्या नावावरही भागत नसे. मूल सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, शेजारणीनं ते ‘सापडलं’ म्हणून उचलायचं, आणि आईनं मूठभर कोंडा किंवा धान्य देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. आता मूल शेजारणीचं, आपल्या घरचं दुर्दैव त्याला लागू नाही! केरू, उकर्डा, कोंडिबा ही नावं म्हणजे या व्यवहाराची पावतीच. बंगाल्यात हाच सौदा कवड्यांत होई, म्हणून तिकडे तिनकौडी आणि पाँचकौडी अशी नावं आहेत. भिकाजी म्हणजे भीक मागून मिळवलेला. आणि मुलगे जगत नसतील तर मुलाचं नाक टोचून नथ घालायची, मुलगी आहे असं भासवायचं. त्यातून नथू आला. नथुराम गोडसेचं मूळ नाव रामचंद्र, नाकातल्या नथेमुळे तो नथुराम झाला.

ही गरिबांची किंवा अडाण्यांची रीत, असा एक समज आहे. तो साफ चूक. 1857च्या उठावातले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. गणितज्ञ केरूनाना छत्रे यांचं पाळण्यातलं नाव विनायक, पण जग त्यांना केरोपंत म्हणूनच ओळखतं. लेखक दया पवार मुळात दगडू. पुण्याच्या ज्या गणपतीच्या अंगावर एवढं सोनं, त्याची ओळख दगडूशेठांच्या नावानं. पेशव्यांच्या वाड्यापासून गावकुसाबाहेरच्या घरापर्यंत मूल जाण्याची भीती एकच होती, म्हणून नावही एकच.

इथपर्यंत आजी पूर्ण बरोबर. पण धोंडा म्हणजे निव्वळ टाकाऊ, एवढंच तिला म्हणायचं असेल तर मी तिच्याशी थोडा भांडेन. केर आणि कोंडा टाकाऊ आहेतच. धोंड्याचं तसं नाही. तो पायात येतो, डोक्यात पडतो, गळ्यात अडकतो हे खरं, पण शेंदूर लागला की त्याच्यापुढे नारळही फुटतो. शिवाय धोंडा मरत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या खांद्यांना स्पर्श करून म्हणायचा मंत्र आहे: ‘अश्मा भव, परशुर्भव, हिरण्यमस्तृतं भव’. दगड हो, परशू हो, अभंग सोनं हो. आणि त्याच मंत्राच्या शेवटी, ‘स जीव शरदः शतम्’, शंभर शरद जग. ज्या बाईनं मुलाला धोंड्या म्हणून हाक मारली तिनं हे सूत्र ऐकलं असण्याची गरज नाही. दगड टिकतो हे कळायला संस्कृत लागत नाही. केरूत फक्त लपवणं आहे. धोंडोत लपवणंही आहे आणि आशीर्वादही. योगायोग म्हणा, पण धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 मध्ये गेले. शंभर शरद ओलांडून वर चार.

या ओघात एका नावाला मात्र या बिऱ्हाडात घेऊ नका: नकोशी, नकुशा. वरवर ते धोंडाबाई-दगडाबाईच्या रांगेतलं वाटतं आणि पुष्कळ लेखांत ते तसं घुसवलेलंही दिसतं. पण धोंडू म्हणणारी आई खोटं बोलत असते. तिला तो हवाच असतो. नकोशी म्हणणारे खरं बोलत असतात. मुलींवर मुली झाल्या, आता पुरे, पुढचा मुलगा होऊ दे, हा त्याचा अर्थ. तमिळमध्ये याच अर्थानं ‘वेंडाम’ आहे, हरियाणात ‘भतेरी’. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 नकोशींना समारंभानं नवी नावं दिली गेली. धोंडूंसाठी असा समारंभ कोणाला करावासा वाटला नाही, आणि तशी गरजही नव्हती. ते नाव आपोआप मावळलं. 2020 मध्ये महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे पहिल्या वर्षात जाणारी मुलं 16 होती. ही 16 देखील फार आहेत, पण आईला आता पोराला उकिरड्यावर ठेवावंसं वाटत नाही, डॉक्टरकडे न्यावंसं वाटतं.

राहिला बारशाचा प्रश्न. ‘ध’ जुळला म्हणून ध्रुव ठेवताय, पण तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही की अर्थही जुळला आहे. ध्रुव म्हणजे न हलणारा. लग्नात नवरीला दगडावर उभं करून ‘या दगडासारखी स्थिर हो’ म्हणतात, आणि रात्री तिला ध्रुवतारा दाखवतात, तोही स्थैर्यासाठीच. पणजोबांचं नाव तुम्ही बदलत नाही आहात, फक्त जमिनीवरून उचलून आकाशात ठेवता आहात. तरी बारशाला एकच नाव ठेवायचं असं बंधन कुठे आहे? कुलदेवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार तर शास्त्रातच आहेत. दाखल्यावर खुशाल ध्रुव लिहा. आत्यानं कानात कुर्र करताना हळूच ‘धोंडो’ म्हटलं, तर ते आजीशिवाय कोणाला ऐकू जायचंही नाही.