कोयनेची खात्री, किल्लारीची शंका

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण वाचले. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप झाल्याची ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य त्यात कोयनेलाही आहे आणि किल्लारीलाही. मला खटकले ते हे, की दोन्हीकडची शंका तू एकाच मापाने मोजली आहेस.

दख्खनचे पठार स्थिर असून येथे मोठे भूकंप होत नाहीत, असे शाळेत असताना भूगोलाच्या पेपरात लिहून आम्ही गुण मिळवत असू. साडेसहा कोटी वर्षांच्या खडकाविषयी आपण थोड्याशा शतकांच्या नोंदींवरून बोलत आहोत, हे माझ्या मनातही आले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कोसळले, तेव्हा भूकंपप्रवणतेच्या नकाशात तेवढ्या परिसराचा धोका वाढवण्यात आला. किल्लारी मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच राहिली. चूक एका ठिकाणापुरती दुरुस्त झाली, तिच्यामागचा समज तसाच राहिला.

कोयनेबाबत दबकत लिहू नकोस. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि मग धक्के सुरू झाले, एवढ्यावर थांबलो असतो तर ते कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडण्यासारखेच होते. परंतु पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते, ते धरणालगतच्या छोट्याशा टापूतच होतात, आणि हे पन्नासहून अधिक वर्षे पुन्हापुन्हा नोंदले गेले आहे. मात्र पाण्याने ताण निर्माण केला असे म्हणू नकोस. ताण खडकात होताच, भेगांतून शिरलेल्या पाण्याच्या दाबाने तो मोकळा व्हायला निमित्त मिळाले. सह्याद्रीतल्या कितीतरी धरणांखाली असे काहीच घडलेले नाही, हेही तिथेच लिही.

किल्लारीचे तसे नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाची रात्र सरता सरता, तिथली गावे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर काहींनी माकणीच्या निम्न तेरणा धरणाकडे बोट दाखवले. मला ते पटलेले नाही, कारण कोयनेसारखी वर्षानुवर्षांची लय तिथे दिसत नाही. पण कारणाविषयीची ही शंका मृत्यूंपर्यंत पसरू देऊ नकोस. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांच्यावर माळवद, आणि गळती थांबवायला त्यावर वेळोवेळी टाकलेल्या पांढऱ्या मातीचा वाढत गेलेला थर: माणसे कशाखाली दबली, याबद्दल शंकेला जागा नाही.

तेव्हा कोयनेच्या भागातून ते वाक्य काढून टाक. किल्लारीच्या भागात राहू दे, पण त्याखाली एक ओळ वाढव: कोणती नोंद हाती आली तर तुझे मत बदलेल? ती ओळ लिहिल्यावरच चौथे प्रकरण पाठव.