कंत्राटदाराच्या सहीवर थांबू नकोस

एअरलाइनच्या क्वालिटी विभागात नवीन आहेस, म्हणून आधी हे ऐक. ‘ते काम कंत्राटदाराचं होतं’ हे वाक्य तुला रोज ऐकू येईल. अमेरिकी नियमावलीतलं कलम 121.363 एकदा नीट वाच. देखभाल बाहेर दिली तरी विमान उडण्यायोग्य ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी एअरलाइनचीच राहते.

व्हॅल्यूजेट या अमेरिकी एअरलाइनचं उदाहरण सगळे देतात. मे 1996 मध्ये कंत्राटदाराने ऑक्सिजन जनरेटर (रसायनातून ऑक्सिजन बनवणारी, सुरू झाली की खूप तापणारी उपकरणं) सेफ्टी कॅप न लावताच तिच्या विमानातून पाठवले, कागदावर मात्र कॅप लावल्याच्या सह्या होत्या. विमानात आग लागली आणि 110 माणसं गेली. तपासात कंत्राटदारासोबत देखरेख न करणाऱ्या एअरलाइनवरही ठपका आला.

मला विचारशील तर एअर मिडवेस्ट या एअरलाइनच्या अपघाताचा अहवाल जास्त शिकवतो. जानेवारी 2003, अमेरिकेतलं शार्लट. एलिव्हेटरची, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या भागाची, केबल चुकीची जुळवली गेली होती. काम करणारा मेकॅनिक ते पहिल्यांदाच करत होता, मॅन्युअलमधल्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या, आणि शिकवणारा व तपासणारा माणूस एकच! मग चूक पकडणार कोण?

म्हणून ऑडिटला गेलास की कॉन्फरन्स रूममधल्या चकचकीत फायलींत अडकू नकोस. रात्रपाळीला, न सांगता जा. कुठलंही एक वर्ककार्ड (कामाच्या पायऱ्या आणि सह्यांचा कागद) उचल आणि सही करणाऱ्याला ते काम समोर समजावून सांगायला लाव. त्याला या विमानाचं प्रशिक्षण कधी मिळालं तेही बघ. सब-कंत्राटदार कोण, हे तर हमखास विचार. खरी गंमत तिथेच असते. शंका आली तर विमान उड्डाणाला सोडू नकोस, वरून कितीही फोन आले तरी.