इंटरनॅशनल स्टडीज करायचंय? आधी भाषेचं बघा

प्रश्न : ताई, मी बारावी आर्ट्सला आहे, मानेवाड्याला राहते. मला इंटरनॅशनल स्टडीजमध्येच डिग्री करायची आहे. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांची माहिती काढली तर एवढे क्रेडिट, तेवढे क्रेडिट, लँग्वेज रिक्वायरमेंट, कॅपस्टोन, काहीच समजून नाही राहिलं. बाबा म्हणतात खर्च झेपला नाही तर इथेच नागपुरात पॉलिटिकल सायन्स घे, एकच आहे. खरंच एकच आहे का? आणि मी दहावीनंतर मॅथ्स सोडलं, त्याने अडेल का?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे गं, पण आधी ते क्रेडिटचं सांगते म्हणजे भीती जाईल. अमेरिकेत चार वर्षांच्या डिग्रीला साधारण 120 क्रेडिट (क्रेडिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) लागतात आणि एक कोर्स बहुतेक 3 क्रेडिटचा, म्हणजे चाळीसेक कोर्स, दर सेमिस्टरला पाच. त्यातले इंटरनॅशनल स्टडीजचे स्वतःचे साधारण 30 ते 45 क्रेडिट, बाकीचे लेखन, विज्ञान, इतिहास असे सगळ्यांनाच कंपल्सरी असलेले विषय आणि तुझ्या आवडीचे. मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या आत सुरुवातीला ओळखीचा एक कोर्स, मग आंतरराष्ट्रीय संबंध, तुलनात्मक राजकारण, अर्थशास्त्र, जगाचा इतिहास, आणि पुढे जगाचा एखादा भाग आणि एखादा विषय निवडायचा, जसं पश्चिम आशिया आणि सुरक्षा, किंवा आफ्रिका आणि विकास. कॅपस्टोन म्हणजे शेवटच्या वर्षी एका प्रश्नावर केलेलं मोठं काम, बहुतेक ठिकाणी लांबलचक शोधनिबंध.

आता भाषा. मुलं इथेच अडकतात म्हणून जरा लांबण लावते. बऱ्याच कॉलेजांत परदेशी भाषा सलग चार सेमिस्टर लागते, काही ठिकाणी त्याच्याही पुढे, आणि पहिली पातळी पास झाल्याशिवाय दुसरीला बसता येत नाही, म्हणजे बाकीचे विषय मागेपुढे करता येतात तसं हिचं होत नाही. माझी भाची तिकडे शिकत होती, तिने भाषा नंतर बघू म्हणून तिसऱ्या वर्षावर टाकली, आणि तिला हवी होती ती पातळी नेमकी त्या सेमिस्टरला सुरूच नव्हती, तर बाकी सगळं पूर्ण झालेलं असून नुसत्या भाषेसाठी पोरीला एक सेमिस्टर जास्त थांबावं लागलं, तेवढी फी, तेवढं भाडं, आणि घरच्यांचा जीव टांगणीला. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला भाषा घे. आणि निवडलेल्या भागाशी जुळणारी घे, लॅटिन अमेरिका असेल तर स्पॅनिश, पश्चिम आशिया असेल तर अरबी, काही कॉलेजांत तर ती जुळावीच लागते. मराठी-हिंदी येते म्हणून भाषेतून सूट मिळते का हे कॉलेजागणिक बदलतं, ते ईमेल करून लेखी विचारून घे, कारण सूट मिळाली तरी बऱ्याचदा क्रेडिट मिळत नाहीत, ते दुसऱ्या कोर्सने भरावे लागतात. अजून एक, तू ज्या वर्षी ॲडमिशन घेशील त्या वर्षीच्या कॅटलॉगचे, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेचे नियम साधारणपणे तुला लागू राहतात, तर त्याची कॉपी काढून ठेव.

मॅथ्सने अडत नाही. पण सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राचे सुरुवातीचे कोर्स असतात, त्यात आलेख, उतार, टक्केवारी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी संख्याशास्त्राचाही एक कोर्स असतो. दहावीचं बीजगणिताचं पुस्तक बाहेर काढ, सुट्टीत रोज एक तास दे, पुरे.

आता बाबांचं. आंतरराष्ट्रीय संबंध हा मुळात राज्यशास्त्राचाच भाग आहे, इथल्या बीएत त्याचे पेपर असतात, इथपर्यंत ते बरोबर. पण अर्थशास्त्र आणि परदेशी भाषा त्या मेजरमध्ये आपोआप येत नाहीत, त्या तुला स्वतःला जोडाव्या लागतील. नवीन शैक्षणिक धोरणात त्याला जागा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांना किमान 120 क्रेडिट, त्यात मेजर 60, मायनर म्हणजे जोडविषय 24, इंटर्नशिप 2 ते 4. तर मेजर राज्यशास्त्र, मायनर अर्थशास्त्र, आणि भाषा कॉलेजात नसेल तर बाहेर क्लास लावून, पण पहिल्या वर्षापासूनच हं. वर्ध्याचं हिंदी विश्वविद्यालय जवळच आहे, तिथेही परदेशी भाषा शिकवतात.

आणि इथे केलंस तर जमलं तर चौथं वर्ष कर, 160 क्रेडिटचं. पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तर रिसर्चसह ऑनर्स घेता येतं, त्यात 12 क्रेडिटचा प्रोजेक्ट असतो, तो तुझा कॅपस्टोनच समज. पुढे एमएला अमेरिकेत जायचं म्हटलं तर तिथली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. म्हणून खर्चाचं गणित बसत नसेल तर बीए इथे आणि एमए तिकडे, हा रस्ता मला तुझ्यासाठी जास्त बरा वाटतो. बाबांना हे वाचून दाखव.

प्रश्न : मुलाला परराष्ट्र सेवेत जायचं आहे. त्यासाठी इंटरनॅशनल स्टडीजचीच डिग्री लागते का? (एक वडील, महाल)

उत्तर : नाही हो काका. आयएफएससाठी यूपीएससीची तीच सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षा असते, मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. खुल्या गटाला वय 21 ते 32 आणि सहा प्रयत्न. या विषयाचा फायदा होतो तो ऑप्शनलला, म्हणजे त्या परीक्षेत आपण स्वतः निवडायच्या विषयाला, कारण राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा ऑप्शनल घेतला तर त्याच्या दुसऱ्या पेपरात तुलनात्मक राजकारण आणि भारताचं परराष्ट्र धोरण हेच असतं. आणि निवड झाल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा मिळतेच, ती शिकून तिची परीक्षा पास व्हावी लागते, तर मुलाला भाषेची गोडी आत्तापासून लागली तर बरंच आहे.