आगोट दिवाळीला

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

फिजीतल्या सावूसावूची दोन वर्षांची नेमणूक पक्की झाल्याचं कळलं. सामानाची यादी वाचली. तीत मच्छरदाणी आहे, पोहण्याचा चष्मा आहे, तीन किलो मेतकूटही आहे. पाण्याच्या टाकीबद्दल, छपराबद्दल एक ओळ नाही. म्हणून हे पत्र.

फिजी दक्षिण गोलार्धात आहे. पाऊस आणि चक्रीवादळं यांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. कोकणात मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, जी धांदल उडते, ती तिथे दिवाळीला. दिवाळीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हा घराची झाडलोट काढशीलच, त्याच दिवशी शिडीही काढ. 20 फेब्रुवारी 2016 ला विन्स्टन वादळ आलं, 44 माणसं गेली. 17 डिसेंबर 2020 ला यासा आलं ते थेट वानुआ लेवूच्या बुआ भागावर, म्हणजे तुझ्याच बेटावर. दोन्ही पाचव्या श्रेणीची होती.

भाड्याचं घर बघताना समुद्र किती जवळ दिसतो ते नंतर बघ, आधी वर बघ. वासा आणि भिंतीवरचं आडवं लाकूड यांना धरून ठेवणारी पोलादी पट्टी आहे का? पट्टी असून गंजली असेल तर नसल्यातच जमा. पत्रा उडतो तो बहुधा कडेपासून, कोपऱ्यापासून आणि आढ्यापासून. तिथे स्क्रू दाट हवेत आणि त्यांच्या रबरी चकत्या धड हव्यात. नुसते खिळे दिसले तर घरमालकाशी आधी बोल, करार मग. खिडक्यांसाठी 12 मिलिमीटर प्लायवूडच्या फळ्या मापाने कापून, भोकं पाडून, क्रमांक घालून ठेव. वाऱ्याकडची एक काच फुटली की घरात वारा कोंडतो आणि छप्पर आतून वर ढकललं जातं. बरंचसं नुकसान त्या एका काचेचं असतं. आणि वादळाचा डोळा डोक्यावर आला की सगळं शांत होतं. तेव्हा बाहेर पडू नकोस. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो.

आता पाणी. गावात नळ आहे. गावाबाहेरच्या बऱ्याच घरांचं पाणी मात्र पत्र्यावरून पन्हळीत आणि पन्हळीतून टाकीत. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 80 चौरस मीटरच्या छपरावर 25 मिलिमीटर पडला तर 2000 लिटर. उडालं-सांडलं म्हणून पाचवा हिस्सा वजा कर, 1600 उरले. दोन माणसांनी बेताने वापरलं तरी रोज 150 लिटर लागतात. कोरड्या महिन्यांत चाळीस दिवस पावसाने ओढ दिली, तर 6000 लिटर गाठीला हवेत. दहा हजारांच्या एका टाकीपेक्षा पाच हजारांच्या दोन बऱ्या. एक नासली तर दुसरी राहते.

सर सुरू झाल्यावरचं पहिलं पाणी टाकीत जाता कामा नये. त्यात पक्ष्यांची घाण, उंदरांचं मूत आणि पानं असतात. छपराच्या चौरस मीटरला किमान अर्धा लिटर सोडून द्यायचं, म्हणजे तुझे 40 लिटर. त्यासाठी टाकीच्या आधी एक उभा बंद पाइप जोडतात. तो भरला की पुढचं पाणी टाकीकडे वळतं. इथेच लोक चुकतात. चार इंची पाइपात मीटरला आठेक लिटरच मावतात, म्हणजे पाच मीटर लागतील, आणि तेवढी उंची घराला नसते. सहा इंची घे, अडीच मीटरमध्ये भागतं. तळाच्या टोपणाला बारीक भोक असतं, त्यातून पाइप हळूहळू रिकामा होतो. ते भोक कचऱ्याने बुजलं की पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीची घाण सरळ टाकीत. दर पंधरवड्याला टोपण उघड. टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर डेंग्यूचे डास तूच पाळशील. फिजीत मलेरिया नाही, डेंग्यू आहे.

वादळाचा इशारा आला की आधी टाकी काठोकाठ भरून घे, मगच पन्हळीचा पाइप काढून तोंड बंद कर. भरलेली टाकी पाच टनांची असते, जागची हलत नाही. रिकामी गडगडत शेजाऱ्याच्या अंगणात जाते. उघडी राहिली तर खारं पाणी आत जातं. नंतर पाण्याचा भरवसा वाटला नाही, तर बिनवासाचं 4 टक्क्यांचं ब्लीच 1000 लिटरला 125 मिलिलिटर टाकून एक दिवस थांब. पिण्याचं पाणी तरीही उकळच.

पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर डॉक्टरला आधी तेच सांग. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, मुंबईकराला शिकवायला नको. मोठं रुग्णालय लाम्बासाला आहे, डोंगर ओलांडून. तेव्हा ‘उद्या बघू’ तिथे चालत नाही.

मासे खाणारा आहेस म्हणून एवढं बजावतो. प्रवाळाच्या कडेला राहणारे मोठे मासे, म्हणजे हेकरू, तांबोशी, बॅराकुडा, यांच्यात सिग्वातेरा नावाचं विष साठू शकतं. तळून, उकळून, गोठवून, लिंबात मुरवून ते जात नाही. वासाने, चवीने कळत नाही. ओठांना मुंग्या येतात, गार पाणी चटका देतं. कोणत्या खडकावरचा मासा खायचा नाही, ते तिथल्या कोळ्यांना ठाऊक असतं. विचार.

मेतकुटाचं सांगायचं तर, सामानातला प्रत्येक खाद्यपदार्थ, बियाणं, मध, लाकडी वस्तू विमानतळावरच्या अर्जात लिही. लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड. मिक्सर खुशाल ने: वीज 240 व्होल्टची आहे, फक्त पिना चपट्या आणि तिरप्या, ऑस्ट्रेलियासारख्या. तिकीट सिंगापूरमार्गे काढ. सिडनीमार्गे स्वस्त दिसतं, पण ट्रान्झिट व्हिसा लागतो.

नकाशावरची नावं लिहिली तशी वाचू नकोस: Nadi ला नांदी म्हणतात, Labasa ला लाम्बासा. गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, 1879 ते 1916 या काळात गेले, साठ हजारांच्या आसपास. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची आहे. त्यांचं ‘हम’ म्हणजे एकटा मी. ती सुधारायला जाऊ नकोस. इताउकेई, म्हणजे मूळ फिजीवासीयांच्या, गावात पाऊल टाकण्याआधी बाजारातून अर्धा किलो यांगोनाची, म्हणजे ज्याचं कावा पेय करतात त्या झुडपाची, न कुटलेली मुळं घे, गावच्या मुखियापुढे ठेव, टोपी काढ, मांडी घालून बस. जमीन घ्यायचा विचार पहिल्या वर्षी मनातही आणू नकोस. सुमारे 87 टक्के जमीन इताउकेई कुळांची आहे, ती विकतच नाहीत, भाडेपट्ट्याने मिळते.

अळूची पानं मुबलक मिळतील. नारळाच्या दुधात शिजवतात, रोउरोउ म्हणतात. पुरती शिजव, घसा तिथेही खवखवतो.

पोचल्यावर पन्हळ टाकीला जिथे मिळते, त्या जोडाचा फोटो पाठव. फोन कर तो दुपारनंतर. तुझे सकाळचे आठ म्हणजे इथे रात्रीचे दीड.

तुझा,
काका