कुत्र्याच्या शेपटीखालच्या गाठीची सुईने तपासणी केली तर गाठ चवताळते का? त्यापेक्षा थेट कापलेली बरी ना?

नाही चवताळत. थोरल्या भावाला हे अकरा वर्षं सांगतोय, तुम्हाला एकदा सांगतो.

मी जनावरांचा डॉक्टर. दादाचा पॉमेरेनियन दहा वर्षांचा, नसबंदी न केलेला. गुदद्वाराच्या कडेला सुपारीएवढी गाठ, चाटून चाटून रक्त काढायचा. दादाचा हळदीचा उपचार चालू होता. "सुई लावू नकोस, चवताळेल," हे त्याला कुणी शिकवलं देव जाणे. शेवटी वहिनीने कुत्र्याचं तोंड धरलं आणि मी ओसरीवरच २३ नंबरची सुई गाठीत दोन-तीनदा फिरवली. सुईत आलं तेवढं सिरिंजच्या हवेने काचपट्टीवर उडवलं, पसरलं, वाळवलं, रंगवलं. मायक्रोस्कोपखाली पेशींचे ठसठशीत पुंजके: भरपूर गुलाबी, दाणेदार पेशीद्रव आणि गोल केंद्रक. हुबेहूब यकृताच्या पेशी! कॉलेजात पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं होतं स्लाइडच बदलली. गुदद्वाराभोवतीच्या ग्रंथींची गाठ अशीच दिसते, म्हणून तिला 'हेपॅटॉइड' म्हणतात.

ही गाठ बहुतेकदा नराच्या हार्मोनवर पोसते. म्हटलं, नसबंदी करू. दादा आठवडाभर बोलला नाही, टेबलावर त्यालाच घेणार असल्यासारखा. वहिनीने परस्पर तारीख ठरवली. तीन महिन्यांत सुपारीचा हरभरा झाला. पाहुण्यांना दादा आजही सांगतो, "हळदीने बसली." हळदीने बसायची तर आधीचे पाच महिने काय करत होती?

थेट कापायची घाई करणाऱ्यांना एवढंच विचारा, तिथला स्नायू दुखावला आणि कुत्र्याला शी धरवेनाशी झाली तर घरात कोण पुसणार?

आता हेही बघा. सुईतून सुट्या पेशी कळतात, गाठीची रचना कळत नाही. त्यामुळे या ग्रंथींची गाठ साधी की कॅन्सरची, हे नुसत्या पेशींवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. गाठ काढली तर फॉर्मालिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे तिचे काप मायक्रोस्कोपखाली बघायला, पाठवाच. आणि तुमची मादी असेल, किंवा गाठ घड्याळातल्या चार-आठच्या जागी, गुदपिशवीत (गुदद्वाराच्या दोन बाजूंना असलेल्या छोट्या पिशव्यांत) लागत असेल आणि कुत्रं पाणी फार पीत असेल, तर थांबू नका. ती गाठ वेगळी आणि वाईट असू शकते. रक्तातलं कॅल्शियम आणि पोटाची सोनोग्राफी आधी करा.

अजून एक. मास्ट सेलची, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींची, गाठ मात्र सुई लागल्यावर कधीकधी खरंच लाल होऊन फुगते. ते त्या पेशींतून सुटणाऱ्या हिस्टामिन या रसायनामुळे, कॅन्सर पसरल्यामुळे नव्हे. दादाला हे मी सांगितलेलं नाही.